दुसऱ्या भागाचं पाणी

भयपटाचा दुसरा भाग निघतो तो बहुतेकदा पहिल्याच्या गल्ल्याकडे बघून. इलाय रॉथचा ‘केबिन फीव्हर’ (2002) सुमारे 15 लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याच्या कितीतरी पट कमावून गेला. मग 2009मध्ये दुसरा भाग येणारच. दिग्दर्शक टाय वेस्ट. पण निर्मात्यांनी सिनेमा इतका बदलला, की त्यानं स्वतःचं नाव काढायला सांगितलं. ते निघालं नाहीच. सिनेमा सुमार, रक्तामांसाचा नुसता राडा. तरी एक गोष्ट उचगावात बसून बघणाऱ्याला टोचते: मांस कुजवणारा रोग बाटलीबंद पाण्यातून थेट शाळेच्या नाचगाण्याच्या रात्री पोचतो. आपल्याकडे लग्नात कार्यालयाच्या दारात वीस लिटरचे जार उतरतात, साखळीला बांधलेल्या एकाच पेल्यानं अख्खं वऱ्हाड पाणी पितं, आणि जार कुठं भरला हे विचारणारा पाव्हणा अजून जन्मायचाय. तसला खरा रोग बहुधा जखमेतून शिरतो, पाणी पिऊन नव्हे. सिनेमाचं वैद्यक कच्चंच. कावीळ मात्र पाण्यातून येऊ शकते. 2012मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीत ती आली आणि माणसं दगावली. हेपटायटिस ई. हा विषाणू अंगात शिरल्यावर साधारण दोन ते दहा आठवडे गप्प बसतो, आणि तोवर गाव तेच पाणी पीत राहतं. तेवढ्या अवधीत पडद्यावर निम्मी शाळा संपलेली असते.