नट हाही भाष्यकार : जॉन गिलगुड यांच्या निमित्ताने

नाटक ही प्रयोगसिद्ध कला आहे, असे आपण वर्गात दरवर्षी सांगतो आणि लगेच संहितेकडे वळतो. नट म्हणजे संहितेचा केवळ वाहक, ही समजूत आपल्या अध्यापनात रुजली आहे. ब्रिटिश नट जॉन गिलगुड (१९०४-२०००) यांची कारकीर्द पाहता ती टिकत नाही.

विख्यात अभिनेत्री एलेन टेरी ही गिलगुड यांच्या आजीची बहीण. अभिनयाचा वारसा घरातलाच. १९३४ साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘हॅम्लेट’चे लंडनमध्ये १५५ प्रयोग झाले. पुढल्याच वर्षी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये त्यांनी आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रोमिओ व मर्क्युशिओ या भूमिका आलटून पालटून केल्या. एकाचा भर पद्याच्या नादावर, दुसऱ्याचा देहाच्या आवेगावर. संहिता तीच; अर्थ मात्र दोन. यालाच आपण एरवी भाष्य म्हणतो.

१९५६ मध्ये रॉयल कोर्ट रंगभूमीवर जॉन ऑस्बर्न यांचे ‘लुक बॅक इन अँगर’ आले आणि गिलगुड यांची नादमधुर वाणी कालबाह्य वाटू लागली. त्याच रॉयल कोर्टमध्ये १९७० साली ते डेव्हिड स्टोरी यांच्या ‘होम’मध्ये, मनोरुग्णालयातील वृद्धाच्या भूमिकेत उभे राहिले. १९७५ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘नो मॅन्स लँड’मध्ये त्यांनी स्पूनर हा फाटका कवी रंगविला. शेक्सपिअरच्या दीर्घ स्वगतांवर घडलेला आवाज आता तुटक वाक्यांत आणि त्यांमधील मौनात अर्थ शोधीत होता. पुढे ‘आर्थर’ (१९८१) या चित्रपटातील सेवकाच्या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले. ‘गांधी’ (१९८२) मध्ये ते लॉर्ड आयर्विन झाले. परंपरा जतन केल्याने नव्हे, तर नव्या संहितेच्या कसोटीस उतरल्याने जिवंत राहते, असाच याचा अर्थ प्रस्तुत लेखक लावतो.

प्रयोग विरून जातो, मग त्याचा अभ्यास कसा करावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु परीक्षणे, आठवणी, ध्वनिमुद्रणे ही साधने उरतातच. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) शिकविताना गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटचा केवळ नामोल्लेख करून आपण पुढे जात असू, तर मराठी ‘हॅम्लेट’चा निम्मा इतिहास आपण विद्यार्थ्यांपासून दूर ठेवतो. नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासक्रमात नटाला तळटीपेतून मुख्य मजकुरात आणणे, ही आता अभ्यासकांची जबाबदारी आहे.