टॉवेलची दांडी

गेल्या थंडीत देवमामलेदारांच्या यात्रेसाठी सटाण्याला गेलो होतो. पहाटे बाथरूममधून धाडकन आवाज आला. धावत गेलो तर आई स्टुलावर बसलेली, हातात टॉवेलची दांडी, आणि दांडीच्या एका टोकाला प्लास्टिकच्या दोन गिट्ट्या लोंबकळतायत. फरशीवर टाइलचा टवका पडलेला. "माले काही नही व्हयनं," आई म्हणाली, आणि मग दांडीकडे बघून हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. स्टुलावरून उठताना आधाराला म्हणून तिने ती दांडी धरली होती आणि ती सरळ हातात आली. ती मागे स्टुलावरच बसली म्हणून वाचलं. पुढे कलंडली असती तर... असो.

आमचं जुनं घर दगड-मातीचं. भिंती दीड-दोन फुटांच्या. त्यात लाकडी खुंट्या होत्या, अजूनही दोन-तीन आहेत. लहानपणी मी त्यांना लोंबकळायचो, त्या कधी हलल्याही नाहीत. कारण त्या नंतर ठोकलेल्या नव्हत्याच, भिंत रचतानाच गवंड्याने आत बसवलेल्या. आणि न्हाणीघरात भिंतीवर होतं तरी काय? बंब जमिनीवर, घंगाळ जमिनीवर, आंघोळीचा दगड जमिनीवर. भिंतीने फक्त आडोसा द्यायचा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकेक वस्तू भिंतीवर चढत गेली. गीझर चढला, बेसिन चढलं, आरसा-कपाट चढलं, आता तर शहरात कमोडसुद्धा भिंतीला लटकतो. भिंती मात्र त्याच काळात बारीक होत गेल्या.

२०२२ साली आईच्या खोलीला लागून बाथरूम काढलं, तेव्हा मधली भिंत चार इंची सिपोरेक्सची घेतली. (सिपोरेक्स हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे अशा सगळ्या हलक्या ब्लॉकना तेच म्हणतात.) काम पटकन होतं, वजन विटेच्या जवळपास एक तृतीयांश. पण हा ब्लॉक हलका आहे तो आत बुडबुडे असतात म्हणून. ड्रिलचा हातोडा चालू ठेवून त्यात भोक पाडलं की भोकाच्या कडा चुरा होतात, आणि साधी इंचभर गिट्टी त्या चुऱ्यात नुसती गरगर फिरते. वरून टाइल चकचकीत, त्यामुळे आतलं काही कळत नाही. आमच्या बाथरूममध्ये मी नंतर बोटाच्या पेराने टाइल्स वाजवून पाहिल्या तर निम्म्या बद्द वाजत होत्या, म्हणजे मागे मसाला नीट भरलेलाच नाही.

ताई न्यू जर्सीत असते. तिच्या घराच्या भिंती बघून मीच तिला चिडवायचो, "ताई, तुमच्याकडे काय, पुठ्ठ्याची घरं!" तिथे लाकडी उभे वासे, साधारण सोळा-सोळा इंचांवर, आणि त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड. व्हिडिओ कॉलवर दांडीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "अरे, आमची भिंत पुठ्ठ्याची आहे हे आम्हाला माहीत तरी असतं. तुम्हाला वाटतं तुमची दगडाची आहे." त्यांनी बाथरूम नवीन केलं तेव्हा बोर्ड लावायच्या आधी, जिथे आधाराची दांडी यायची तिथे दोन वाशांच्या मध्ये आडवा जाड लाकडी ठोकळा ठोकून घेतला. आणि भिंत बंद करण्याआधी टेप लावून तिचे फोटो काढून ठेवले, म्हणजे दहा वर्षांनी भोक पाडायचं झालं तरी लाकूड कुठे आहे ते कळेल. ऐकताना मला आमच्या खुंट्या आठवल्या. गवंडी तेच तर करत होते! १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशरने नायलॉनची गिट्टी काढली आणि 'नंतर बघू' म्हणायची सोय झाली. सोय चांगलीच आहे, पण ती घट्ट भिंतीसाठी. भुसभुशीत भिंतीत ती कशाला धरणार?

आणखी एक घोळ आपण करतो. गीझरचं वजन आपल्याला दिसतं. २५ लिटरचा असेल तर नुसतं पाणीच २५ किलो, वर टाकीचं वजन, म्हणून तिथे आपण आपोआप जाड फास्टनर मागतो. पण गीझर गुपचूप लटकत असतो. पाय घसरलेलं माणूस भिंतीला हिसका देतं, तोही बाहेरच्या दिशेने. अमेरिकेत सार्वजनिक जागी अपंगांसाठी ज्या दांड्या लावतात त्यांनी २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो जोर सोसला पाहिजे असा नियम आहे. आमची टॉवेलची दांडी दोन ओले टॉवेल सोसायची. तिचा काय दोष? ज्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे तिथे टॉवेलची दांडी हाताच्या उंचीवर लावूच नये असं माझं स्पष्ट मत झालंय. हात जातोच.

आम्ही काय केलं ते सांगतो. चार इंची भिंत, पलीकडे आईचीच खोली. प्लंबर म्हणाला, "भाऊ, लांब गिट्टी टाकू, नाहीतर केमिकल भरून बोल्ट बसवू." तेही चाललं असतं. पण त्या चुऱ्यावर माझा विश्वास उरला नव्हता. शेवटी आरपार बोल्ट घेतले. टाइलला आधी हातोडा बंद ठेवून सावकाश भोक, मग ब्लॉक, आणि पलीकडच्या बाजूने लोखंडी पट्टी, तिच्यावर नट. दांडी स्टीलची, मुठीत मावेल एवढी जाड. सगळा खर्च टाइल्सच्या एका पेटीहून कमी. बसवल्यावर मी दोन्ही हातांनी धरून मागे रेललो, पाऊणशे किलोचा माणूस, जागची हलली नाही.

बाथरूम बांधताना टाइलचा रंग निवडायला आमची तीन माणसं मालेगावला दोनदा गेली होती. आई हात कुठे टेकवते हे एकानेही पाहिलं नव्हतं, मीही नाही. गवंड्याला बोल लावून काय उपयोग, त्याला आम्ही विचारलंच नव्हतं.

आईच्या खोलीत पट्टीवरचे चार नट भिंतीतून पुढे आलेत. दिसायला वाईट दिसतात, रंगवून देतो म्हटलं तर नको म्हणाली. एकावर तिने जपमाळेची पिशवी अडकवलीय, दुसऱ्यावर चष्म्याची दोरी. परवा फोनवर सहज विचारलं, "दांडी धरतेस ना?" तर म्हणते, "धरते की, पण बेसिन जवळ पडतं."

बेसिन कशावर टांगलंय ते मला माहीत नाही. शनिवारी ड्रिल घेऊन जातोय.