चहाशिवायची भेट

रमजानात कुणाच्या घरी जायचे नाही, असा अलिखित नियम कोकणातल्या अनेक गावांत रुळला आहे. रोजेदार म्हणतो, ‘उगाच यजमानाला संकोच कशाला?’ यजमान म्हणतो, ‘पाणीसुद्धा विचारता येत नाही, मग बोलवायचे तरी कसे?’ दोघांचाही हेतू चांगला असतो. पण या दुहेरी चांगुलपणामुळे वर्षातला एक महिना एकमेकांचे उंबरठे सुने राहतात. हा नियम मोडायला हवा, आणि तो मोडण्यासाठी गुहागर तालुक्यासारखा रस्ता नाही.

चिपळूणहून सकाळी गाडी काढली की शृंगारतळीच्या बाजारावरून गुहागर, पुढे पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या धक्क्याशी पोहोचता येते. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचे, शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरायचे आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी गाठायची. पर्यटक या वाटेवर हेदवीचा दशभुज गणपती पाहतात, भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणारे पाणी पाहतात आणि पुढे निघतात. इथल्या माणसांसाठी मात्र ही नात्यांची वाट आहे. एखाद्या मोहल्ल्यात फुफीचे घर असते, पुढच्या गावात वडिलांच्या शाळासोबत्याची वाडी असते, खाडीपलीकडे लेक दिलेली असते. सकाळी सहेरी करून निघालेले कुटुंब मनात आणले तर सहा घरे सहज करू शकते.

प्रवाशाला रोजा पुढे भरून काढण्याची सवलत कुरआनने सूरह बकरात दिलेली आहे. तरी अशा एका दिवसाच्या, ओळखीच्या वाटेवरच्या फेरीत बहुतेक जण रोजा ठेवूनच निघतात. म्हणजे सहाही घरांत चहा नाही, सरबत नाही, ‘निदान एक लाडू तरी’ नाही. मग उरते काय? उरते बोलणे. एरवी काकू स्वयंपाकघरात आणि पाहुणे ओटीवर, असा भेटीचा निम्मा वेळ पाहुणचारात जातो. रोजेदार पाहुणा आला की काकूही ओटीवर येऊन बसतात. गुडघ्याचे दुखणे, मुंबईला गेलेल्या मुलाचा न आलेला फोन, यंदाचा मोहोर, बागेतले वानर, सगळे निघते. यजमानाला हात रिकामे वाटलेच, तर ओल्या काजूच्या उसळीचा डबा गाडीत देता येतो. इफ्तारला तो उघडला जातो, आणि ज्या घरातून आला त्या घराचे नाव त्या वेळी तोंडी येतेच.

धर्माच्या अंगाने पाहिले तरी ही चैन नव्हे. नातेवाईक जोडून ठेवण्याला इस्लाममध्ये ‘सिला-रहमी’ म्हणतात. बुखारींच्या हदीससंग्रहात पैगंबरांनी (स.) त्याची कसोटी सांगितली आहे. भेटीला भेट परत करणारा नाती जोडणारा ठरत नाही. समोरच्याने तोडले असतानाही जो जाऊन जोडतो, तो खरा. सूरह निसामध्ये आई-वडील आणि नातलगांबरोबर शेजाऱ्याचाही हक्क सांगितला आहे; जवळच्याही आणि परक्याही. तिथे शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. पैगंबर ईदच्या नमाजला एका रस्त्याने जात आणि दुसऱ्या रस्त्याने परतत, अशीही हदीस आहे. त्यामागची जी कारणे विद्वानांनी सांगितली, त्यांतले एक साधे आहे: दोन रस्त्यांवर जास्त माणसे भेटतात.

हे कोकणातल्या हिंदू वाचकाला वेगळे सांगायला नको. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. वर्षभर माणसे देवळात जातात. त्या दिवसांत देव माणसांच्या अंगणात येतो. त्यासाठी चाकरमानी रजा टाकून गावाला येतो, बंद घर उघडतो. ‘जो आपल्याकडे येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जावे’, ही समज दोन्हीकडे एकच आहे.

सध्या हे दोन महिने एकमेकांत मिसळले आहेत. 2024 मध्ये गुढीपाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला होती. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला. शिमगा तर दोन्ही वर्षी रमजानातच आला. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो. त्यामुळे पंचांगात अधिक मास आला की ही जोडी सुटते आणि पुन्हा जुळायला तीसेक वर्षे जातात.

जवळ आलेले सण माणसांना आपोआप जवळ आणत नाहीत. 2025 च्या शिमग्यात राजापुरात माडाच्या होळीच्या मिरवणुकीवेळी मशिदीच्या दाराशी तणाव झाला. त्याची चित्रफीत काही तासांत देशभर फिरली, आणि राजापूर कधी न पाहिलेल्या लोकांनी तिचा अर्थ लावून टाकला. अशा वेळी गावात खरे काय घडले हे विचारायला फोन कुणाला करायचा, हा प्रश्न असतो. ज्याच्या ओटीवर गेल्या महिन्यात तासभर बसलो, त्याला करता येतो. ज्याला फक्त ‘ईद मुबारक’चे चित्र पाठवले, त्याला करताना बोट अडखळते.

यावर काही जण म्हणतील, इफ्तारच्या मेजवान्या होतातच की. होतात, आणि त्यांत वाईट काही नाही. पण तिथे बोलावणारा ठरलेला, येणारा ठरलेला आणि फोटोही ठरलेला. घरची म्हातारी माणसे त्या मंडपात येत नाहीत. आज मोहल्ल्यातली मुले आखातात आहेत आणि वाडीतली मुंबई-पुण्यात. दोन्हीकडच्या पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांचे एकटेपण सारखेच आहे. त्यांच्याकडे मेजवानी नेता येत नाही. आपणच जावे लागते.

तेव्हा या रमजानातला एक रविवार काढावा. यादीत नातेवाइकांची तीन घरे असतील, तर दुसऱ्या धर्मातली तीन असावीत. जाण्याआधी फोन करून ‘काही करू नका, फक्त बसायला येतोय’ एवढे सांगावे. यजमानानेही पाणी न देण्याचा संकोच धरू नये. खुर्ची पुढे करावी, पंखा लावावा, नमाजची वेळ झाली तर स्वच्छ कोपरा दाखवावा. आणि ज्या घराशी अबोला आहे, तिथे सगळ्यात आधी जावे. रोजा संध्याकाळी सुटतोच. अबोला कुणीतरी जाऊन सोडवावा लागतो.