गरम मुठी : चोचले की सुरक्षितता?



थंडी सुरू झाली की आपल्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे शनिवारची सकाळची शाळा. मी निफाड तालुक्यात नोकरीला आहे. महाराष्ट्रातली थंडी म्हटली की पेपरात आमच्या निफाडचं नाव येतंच. काही वर्षी इथे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षांना कडाका सोसवत नाही म्हणून बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आणि आम्ही स्वतःच्या हातांसाठी काय करतो? बोटांवर फुंकर मारतो आणि गाडीला स्टार्टर मारतो.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या १५० सीसीच्या मोटारसायकलला गरम होणाऱ्या मुठी, म्हणजेच हीटेड ग्रिप्स, बसवून घेतल्या. शिक्षण परिषदेला ही गोष्ट कळल्यावर एकच हशा पिकला. "सर, आता सीटखाली शेगडी पण बसवा!" मीही हसलो. पण हे चोचले नाहीत, असं माझं मत आहे. ब्रेक, हेडलाइट आणि हेल्मेट यांच्याच रांगेत चालवणाऱ्याचे हात येतात. ते का, हे आज सांगतो.

त्या शनिवारी काय झालं?

घर ते शाळा २२ किलोमीटर. डिसेंबरातली सकाळ, धुकं आणि हातात साधे लोकरीचे मोजे. अर्ध्या रस्त्यातच बोटांची जाणीव गेली होती. "आता पोहोचतोच" म्हणत मी गाडी दामटत होतो. एका वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे रिफ्लेक्टर नाही. मी पुढचा ब्रेक दाबायला गेलो तर बोटं वळेचनात! पायाचा ब्रेक जोरात दाबला, गाडी घसरत घसरत ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. ब्रेक उत्तम होता. तो दाबणारा हात कामातून गेला होता.

आता गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी ७ मीटर पुढे जाते. ७ मीटर म्हणजे साधारण आपल्या एका वर्गखोलीची लांबी.

बोटं बधिर का होतात?

थंडी वाढली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं अशा आतल्या अवयवांची ऊब सांभाळतं. त्यासाठी हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटांना रक्त कमी मिळतं, ती गार पडतात आणि जड होतात. त्यात गाडीवरचा वारा. हवा ८ अंश असेल आणि वारा ताशी ५० किलोमीटरने लागत असेल, तर उघड्या त्वचेला ती हवा सुमारे ३ अंशांसारखी जाणवते. म्हणजे थर्मामीटर निफाडचा आणि हाताला थंडी त्याहून गार गावाची!

गरम मुठी चालतात कशा?

सहावी-सातवीच्या मुलालाही कळेल असं हे विज्ञान आहे. विद्युतधारेला विरोध करणाऱ्या तारेतून वीज गेली की तार तापते. इस्त्री, गिझर आणि चहाची इलेक्ट्रिक किटली यांचं तत्त्व हेच. रबरी मुठीच्या आत तापणारी तार किंवा पातळ पट्टी असते आणि हँडलवर कमी-जास्त करायचं बटण. १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर धारा धरली तर १२ × ३ = ३६ वॅट. गाडीचा साधा हॅलोजन हेडलाइट ३५ वॅटचा असतो. म्हणजे मुठी तापवणं हे गाडीला आणखी एक हेडलाइट लावण्यासारखं आहे.

आणि म्हणूनच त्या प्रत्येक गाडीला चालत नाहीत. इंजिन हळू झालं की हेडलाइट मंद होतो आणि रेस दिली की उजळतो, अशा कितीतरी जुन्या गाड्या आपल्याकडे आहेत. त्यांचा दिवा बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोवर चालतो. बॅटरी चार्ज करायला तिथे जेमतेम वीज उरते. अशा गाडीला या मुठी बसवू नका. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींत इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट सतत चालू राहतो, तोही हिशोबात धरा. तो एलईडी असेल तर थोडी वीज वाचते. माहितीपुस्तिका पाहा किंवा जाणत्या इलेक्ट्रिशियनला विचारा, मगच खर्च करा.

बसवतानाच्या चार गोष्टी अनुभवावरून सांगतो :

१. वायर थेट बॅटरीला जोडून मोकळं होऊ नका. चावी बंद केली की मुठीही बंद झाल्या पाहिजेत, त्यासाठी रिले लावून घ्या. नाहीतर गाडी शाळेबाहेर उभी आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी मधल्या सुट्टीच्या आत संपलेली!

२. फ्यूज हवाच. तो वाचवून काही पैसे वाचत नाहीत.

३. उजवी मूठ रेस देताना फिरते. तिच्या वायरला पुरेशी ढील ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. वायर ताणली जाऊन रेस अडकली, तर उपायच अपघात होईल.

४. डावी मूठ थेट लोखंडी हँडलवर बसते. हँडल उष्णता ओढून घेतं, म्हणून ती उजवीपेक्षा कमी गरम वाटू शकते. बिघाड समजून घाबरू नका.

पण आधी हातमोजे

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. या मुठी फक्त तळवा तापवतात. वारा तर हाताच्या पाठीवर लागतो. वारा न शिरणारे चांगले हातमोजे नसतील तर पुढून गरम, मागून गार अशी गत होते. बोटं हलवणारे मुख्य स्नायूही कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, म्हणून बाह्या मनगटापर्यंत घट्ट हव्यात. चांगल्या मुठींना काही हजार रुपये लागतात. तेवढं बजेट नसेल तर आधी हातमोजे घ्या, हँडलला वारा अडवणारी कव्हरं लावा आणि बोटं जड झाली की गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा. थांबायला पैसे लागत नाहीत. शाळेला पाच मिनिटं उशीर झाला तर खुलासा देता येतो, बाकी कशाचा खुलासा कुणाला देणार?

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं

त्या शनिवारी शाळेत पोहोचून मी फळ्यावर दिनांक आणि सुविचार लिहायला घेतला. खडू धरता येईना. अक्षर असं आलं की मला माझीच लाज वाटली. आणि तेव्हा दुसरीतली एक मुलगी आठवली. वस्तीवरून चालत येते, हातात मोजे नाहीत. सकाळच्या शाळेतल्या तिच्या शुद्धलेखनावर मी लाल पेनाने दोनदा लिहिलं होतं, "अक्षर सुधारा."

अक्षर सुधारायचं नव्हतं हो, हात गरम करायचे होते. बारा वर्षं नोकरी झाली आणि हे मला स्वतःची बोटं गारठल्यावर कळलं.

आता थंडीत सकाळच्या शाळेत पहिली दहा मिनिटं आम्ही उन्हात उभे राहतो. तळवे घासतो, टाळ्यांची गाणी म्हणतो, मुठी उघड-बंद करतो. वह्या त्यानंतर.

पालकहो, तुम्ही लेकराला टाकीवर पुढे बसवून आणता, तेव्हा सगळा वारा आधी त्याच्या अंगावर येतो. त्याचे उघडे हात हँडलच्या गार लोखंडाला चिकटलेले असतात. तुमच्या मुठी गरम असल्या तरी त्याला काय उपयोग? त्याला मागे बसवा, हातमोजे घाला, गाडी हळू आणा. आणि शिक्षक मित्रांनो, थंडीत कुणाचं अक्षर वाकडं आलं, तर लाल पेन उघडण्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन पाहा.