शाळेतली टवाळी, कारखान्यातली दमदाटी आणि आपला सब्र

व्यापारी आणि कारागिरांच्या घरात एक वाक्य वारंवार ऐकू येते, "पोराचं शाळेत मन लागेना, म्हणून दुकानावर घेतलं." ईट, भूम, परंडा, वाशी या भागालाही ते परके नाही. मन का लागत नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बाप समजतो, पोराला पुस्तकाची गोडी नाही. पुष्कळदा कारण वेगळेच असते. वर्गातली चार दांडगी मुले त्याला बापाच्या धंद्यावरून हाक मारतात, त्याच्या घरच्या बोलीची नक्कल करतात, डबा उघडून हसतात. मुलीची ओढणीवरून टर उडवतात. पोरगे घरी काही बोलत नाही. सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते, महिन्यातून चार दिवस शाळा बुडते आणि एक दिवस दप्तर कायमचे खुंटीला लागते.

घरी बोलले, तरी बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "तूही दोन ठेवून दे." दुसरे, "सब्र कर, अल्लाह बघतोय." पहिल्या उत्तराने मारामारी वाढते. दुसरे उत्तर धर्माचे वाटते, पण आपण ते ज्या अर्थाने देतो तो अर्थ धर्माचा नाही. सब्रचा खरा अर्थ ध्यानात न घेतल्याने आपण आपल्याच मुलांना एकटे पाडतो आणि धंद्याचेही नुकसान करून घेतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

नूह (अ.) यांची नाव

सब्र म्हणजे सत्यावर आणि आपल्या कामावर टिकून राहणे. याचे उत्तम उदाहरण कुरआनने एका कारागिराच्या कामातूनच दिले आहे. सूरह हूदमध्ये (११:३८) ह. नूह (अ.) नाव बांधत असल्याचे वर्णन येते. जमातीचे प्रतिष्ठित लोक जवळून जात आणि त्यांची टिंगल करीत. नूह (अ.) यांनी त्यापायी काम टाकले नाही. ते गप्पही बसले नाहीत. आज तुम्ही हसता, उद्या आम्ही हसू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि नाव पुरी केली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. टवाळी झाली म्हणून हातातले काम सुटता कामा नये. मुलाचे काम शिक्षण आहे. चार टवाळखोरांसाठी तो शाळा सोडत असेल, तर टवाळखोर जिंकले. दुसरी गोष्ट, उत्तर देणे सब्रच्या विरुद्ध नाही. सूरह निसामध्ये (४:१४८) वाईट बोलणे उघडपणे मांडणे अल्लाहला नापसंत असल्याचे सांगितले आहे, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्यातून वगळले आहे. म्हणजे पीडिताला तोंड उघडण्याची परवानगी खुद्द कुरआनने दिली आहे. मग "लोक काय म्हणतील" म्हणून आपण ती का काढून घ्यावी?

मनाला होणारी जखमही कुरआन नाकारत नाही. लोकांच्या बोलण्याने प्रेषितांचे (स.) मन कोंडते हे आम्ही जाणतो, असे सूरह हिज्रमध्ये (१५:९७-९८) म्हटले आहे आणि लगेच स्तवन व सजदा करण्यास सांगितले आहे. खुद्द प्रेषितांच्या मनाला लागत असे, तर बारा वर्षांच्या पोराच्या मनाला का लागू नये? "एवढ्याशा बोलण्याने रडतोस काय" असे म्हणण्याआधी बापाने ही आयत आठवावी. नमाजेने त्याचे मन सावरते. आपली किंमत वर्गातल्या कोणा दांडग्याने ठरवलेली नाही, हे दिवसातून पाच वेळा त्याच्या मनावर ठसते. हा आधार मोठा आहे, पण तो गुरुजींकडे जाण्याऐवजी नव्हे, गुरुजींकडे जाण्याचे बळ यावे म्हणून आहे.

नावे आपणही ठेवतो

आता थोडे स्वतःकडे पाहू. सूरह हुजुरातमध्ये (४९:११) पुरुषांनी पुरुषांची व स्त्रियांनी स्त्रियांची टिंगल करू नये, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, असा स्पष्ट आदेश आहे. तरीही आपल्याच मोहल्ल्यात पिंजारी, कसाई, फकीर, मदारी हे शब्द कसे उच्चारले जातात? ज्या धंद्यावर हलाल भाकरी मिळते त्याचे नाव शिवीसारखे वापरले जाते. दाऊद (अ.) चिलखते घडवीत, जकरिया (अ.) सुतारकाम करीत. प्रेषितांच्या हाताला जे काम लागले ते हिणवण्यासारखे कसे ठरते? आपली मुले हे शब्द घरात ऐकतात आणि शाळेत वापरतात. आपल्या मुलाला कोणी छळू नये असे वाटत असेल, तर आपला मुलगा कोणाला छळतो का, याचीही चौकशी करावी.

उस्तादाचा हात

दुसरी जागा आहे आपले दुकान आणि कारखाना. गॅरेज असो, शिलाईचे दुकान असो, फर्निचरचे काम असो वा आपल्या भूम तालुक्याची ओळख असलेली खव्याची भट्टी असो, शागिर्दाला शिवी देणे, टपली मारणे, गिऱ्हाइकासमोर अपमान करणे हा उस्तादाचा हक्कच समजला जातो. "आम्हीही मार खाऊनच शिकलो" असे त्याचे समर्थन होते.

अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा केली. त्या काळात प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ्' म्हटले नाही की "हे का केलेस" असे दरडावले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले. हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही इतके ओझे टाकू नका आणि टाकलेच तर स्वतः हात लावा, अशी ताकीदही दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हे आले आहे.

यात धंद्याचाही हिशेब आहे. मार खाणारा पोरगा काम शिकण्याआधी चूक लपवायला शिकतो. कढईत खवा खाली लागला तर तो सांगत नाही, वरवर हलवून देतो. कापड चुकीचे कापले तर दडवतो, बोल्ट नीट बसला नाही तर तसाच सोडतो. ती चूक शेवटी गिऱ्हाइकाला सापडते आणि नाव जाते उस्तादाचे. शिवाय अर्धवट शिकलेला पोरगा वैतागून निघून जातो, मग पुन्हा नवा शोधा आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

कायदाही माहीत असावा. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्व धंद्यांत गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर वा सुटीत मदत चालते, पण धोक्याचे काम १८ वर्षांखालील कोणालाही देता येत नाही.

सांगूनही ऐकले नाही तर

डॉ. पायल तडवी हे नाव विसरता येत नाही. तडवी भिल्ल ही खानदेशातील मुस्लिम आदिवासी जमात. जळगाव जिल्ह्यातली ही मुलगी डॉक्टर झाली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या नायर रुग्णालयात गेली. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात तिच्या जीवनाचा अंत झाला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टर तिला जातीवरून हिणवीत, रुग्णांसमोर अपमान करीत, असा कुटुंबाचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा करणे न्यायालयाचे काम. पण पायलने घरी सांगितले होते आणि आईने रुग्णालयाकडे गाऱ्हाणे नेले होते, असे कुटुंबाचे म्हणणे आहे, ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे. सांगितल्यावर वेळेत ऐकणारा माणूस असावा लागतो, आणि गाऱ्हाणे कागदावर असावे लागते.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्याने दुर्लक्ष केले, तर तोही साहाय्यक म्हणून दोषी धरला जातो. शाळेत मुलाला मारणे वा मानसिक त्रास देणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना आहे.

म्हणून पालकांनी काही गोष्टी पाळाव्यात. आठवड्यातून एकदा मुलाजवळ निवांत बसावे व शाळेत कोणाबरोबर बसतो, काय झाले, हे विचारावे. त्रास कळला की दिवस, जागा, बोललेले शब्द वहीत लिहून ठेवावेत. आधी वर्गशिक्षकांना भेटावे, न ऐकल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. आपण उधारीची वही लिहितो, मग पोराच्या अब्रूची का लिहू नये? लहान मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. मूल जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवू लागले, तर "असे बोलणे हराम आहे" म्हणून त्याला गप्प करू नये. त्याला जवळ घ्यावे, एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आधारासाठी सरकारचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

राहिली क्षमेची गोष्ट. सूरह शूरामध्ये (४२:४०-४३) क्षमेला मोठे मोल दिले आहे. तेथेच, अन्याय झाल्यावर प्रतिकार करणाऱ्याला दोष नाही, असेही म्हटले आहे. यूसुफ (अ.) यांनी भावांना माफ केले ते हातात अधिकार आल्यावर. विहिरीच्या तळाशी पडलेल्याला क्षमेचे धडे देण्यापूर्वी वर काढावे लागते. ते काम बापाचे, उस्तादाचे आणि गुरुजींचे आहे.

शाळा उघडण्याचा हंगाम आला की आपण वह्या, गणवेश, बूट आणतो. यंदा त्याबरोबर मुलाला एक गोष्ट सांगावी, "कोणी त्रास दिला तर मला सांग. मी दुकान बंद करून येईन." एका दिवसाचा गल्ला बुडेल. मुलाची शाळा वाचेल.