पेठेच्या फुटबॉलनं देशाला काय दिलं म्हणे!

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी पुण्याचा मावसभाऊ बसला होता. (तो हे वाचणार आहे म्हणून नाव घालत नाही. त्याला कळेलच, मावशीलाही कळेल.) चारला शाहू स्टेडियमवर मॅच होती, त्यामुळं मी मठ्ठा एका घोटात संपवून उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात हा म्हणाला, "अरे, इतकी वर्षं तू तो तालमींचा फुटबॉल बघतोयस. त्यातून देशाला काय मिळालं, सांग बघू?"

मी हसलो, हात धुतले आणि गेलो. मॅच एकही गोल न होता सुटली. येताना गाडीवर डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही. म्हणून हे सगळं. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनी (आत्या, तूसुद्धा) निदान निम्मं तरी वाचा.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी आधी थोडं. पावसाळा संपला की केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी होते. मग लीग, मग मंडळांनी भरवलेल्या स्पर्धा, असं करत करत उन्हाळा येतो. वरिष्ठ गटात सोळा संघ. त्यांची नावं वाचली तर परक्या माणसाला वाटेल कुस्त्यांचा फड भरलाय. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. मध्येच एक प्रॅक्टिस क्लब. हौद्यातल्या तांबड्या मातीत जोर मारणाऱ्या पोरांनी कधीतरी बॉल हातात, म्हणजे पायात, घेतला आणि तालमीचं नाव तसंच जर्सीवर गेलं. मैदान आहे ते पूर्वीच्या रावणेश्वर तळ्याच्या जागी. दुपारच्या उन्हात पायऱ्या तव्यासारख्या तापतात, खाली पेपर घेऊन बसावं लागतं. आमचे वडील उद्यमनगरात लेथवर होते. मोठ्या मॅचला अर्धा दिवस पगार कापून घेऊन यायचे आणि मला पुढ्यात बसवायचे. ते घरी फार बोलत नसत. मैदानावर मात्र नव्वद मिनिटं बोलायचे. लेफ्ट बॅकला, रेफरीला, शेजारच्या अनोळखी माणसाला, मला. माझं त्यांच्याशी जे काही बोलणं झालं त्यातलं निम्मं तिथं झालंय.

आता मावसभावाचा प्रश्न. तो मिसळ खाताना असं विचारत नाही. मिसळीनं देशाला काय दिलं? एकांकिका स्पर्धेला जातो तेव्हा विचारत नाही, मानाच्या गणपतीची मिरवणूक चार तास उभं राहून बघतो तेव्हाही विचारत नाही. खेळ दिसला की मात्र लगेच हिशेबाची वही बाहेर. किती मेडलं? किती पोरं इंडियाकडून खेळली? मनोरंजन हा शब्द सिनेमाला चालतो, खेळाला चालत नाही. खेळानं देशसेवाच केली पाहिजे.

माझ्या मते ही सवय आपल्याला खेळावरच्या सिनेमांनी लावली. मी हे सिनेमे आवडीनं बघतो, 'चक दे'ला रडलेलो माणूस आहे मी, त्यामुळं बाहेरचा म्हणून बोलत नाही. पण बघा ना. २००१ च्या 'लगान'मध्ये समोर गोरे आणि पणाला सारा. २००७ च्या 'चक दे'त जगज्जेतेपद. २०१६ च्या 'दंगल'मध्ये तर कमालच. गीता फोगाटनं २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ती फायनल चांगलीच एकतर्फी झाली होती, आणि तिच्या वडिलांना कुणी कोंडूनबिंडून ठेवलं नव्हतं. सिनेमानं कुस्ती अटीतटीची केली, बापाला खोलीत कोंडलं आणि निकाल त्याला राष्ट्रगीताच्या सुरांवरून कळवला. थिएटरात सगळे उभे. पोरगी किती सुंदर कुस्ती खेळली यापेक्षा गाणं कोणतं वाजलं याला महत्त्व. गीताचा भारंदाज डाव लागतो तेव्हा खासबागेत जाणकार म्हाताऱ्याच्या तोंडातून जो हुंकार निघाला असता, तो त्या सिनेमाला पुरत नाही.

'मैदान' २०२४ मध्ये आला तेव्हा मी पहिल्या दिवशी गेलो. आपल्या फुटबॉलवर एवढा मोठा सिनेमा, न जाऊन सांगतो कुणाला? प्रशिक्षक रहीमसाहेब, १९६२ चं जकार्ताचं आशियाई सुवर्ण, फायनलला दक्षिण कोरियावर २-१. छान केलाय. पण घरी येऊन मला वाटलं ते असं की, रहीमसाहेब आकाशातून जकार्तात उतरले नव्हते. त्याआधी त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस नावाचा एक स्थानिक संघ घडवला, आणि त्या पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. पी. के. बॅनर्जी कलकत्त्याच्या लीगमध्ये ईस्टर्न रेल्वेकडून खेळायचे. म्हणजे ते मेडलसुद्धा गल्लीतल्या, गावातल्या मैदानांवर हजारो रिकामटेकड्या लोकांनी उन्हात बसून पिकवलं. तेव्हा त्यांनाही कुणी मावसभाऊ विचारत असणारच, की यातून देशाला काय मिळतंय?

एकच सिनेमा मला वेगळा वाटला, नागराज मंजुळेचा २०२२ चा 'झुंड'. नागपूरच्या विजय बारसेंच्या कामावर बेतलेला. त्यात मोठी मॅच आहे, पण माझा श्वास अडकला तो पासपोर्ट आणि विमानतळाच्या प्रसंगांना. पोरं खेळायला लागली आणि माणसांत आली, एवढंच त्याचं म्हणणं. तो सिनेमा लांबला म्हणून नाकं मुरडणारे बरेच भेटले. लांबलाय खरा. पण कप उचलताना संपत नाही म्हणून मला तो प्रिय.

बरं, मेडलवाल्यांना निदान मेडलाची तरी किंमत आहे का? खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं? पोलिसात नोकरी, १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. देशाला जे हवं होतं ते मिळालं, देश विसरला. त्यांना विसरले नाहीत ते कऱ्हाड-कोल्हापूरकडचे कुस्ती बघणारे लोक, ज्यांनी मेडलाआधीही त्यांची कुस्ती बघितली होती.

त्यानंतर ७२ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं कांस्य मारलं. ५० मीटर रायफल, थ्री पोझिशन्स, गुण ४५१.४. माझ्या फोनवर त्या दिवशी दीडएकशे शुभेच्छा आल्या, मावसभावाचीही होती, तिरंग्याच्या चित्रासकट. आनंद मलाही झाला, पेढे वाटले. पण त्या दीडशेतल्या किती जणांना तीन पोझिशन्सचा क्रम माहीत होता? (गुडघ्यावर, पालथं, उभं. मीही त्याच दिवशी शिकलो, खोटं कशाला बोला.) आणि त्यानंतर किती जण एखादी नेमबाजीची स्पर्धा बघायला गेले? मी नाही गेलो. तेव्हा देशप्रेमानं खेळाचं पोट भरतं हे मला कुणी सांगू नये. चार वर्षांतून एकदा जेवायला घालणारा यजमान तो.

इथं एक गंमत. माझा आतेभाऊ शिकागोजवळ राहतो आणि बेसबॉलच्या वेडानं पार वाया गेलाय. त्याचा संघ कब्ज. हा संघ १९०८ मध्ये जिंकला आणि त्यानंतर थेट २०१६ मध्ये. मध्ये १०८ वर्षं! माणसं जन्मली, रिग्ली फील्डवर म्हातारी झाली, जिंकणं न बघता गेली, त्यांची नातवंडं त्याच खुर्च्यांवर येऊन बसली. २०१६ ला सातव्या मॅचमध्ये, पावसानं खेळ थांबून, जादा डावात ते जिंकले तेव्हा भाऊ फोनवर हुंदके देत होता. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ते रडणं मला नीट कळलं. त्या १०८ वर्षांत शिकागोत कुणी कुणाला विचारलं असेल का, की कब्जनं अमेरिकेला किती ऑलिंपिक पदकं दिली?

आणि आमच्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान खुलं केलं, तेव्हा भारताचा संघ ऑलिंपिकला गेलाच नव्हता. तो गेला १९२० ला. महाराजांनी खोलगट वाटीसारखं मैदान बांधलं ते अशासाठी, की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही आखाडा स्पष्ट दिसावा. बघणाऱ्याची सोय! माणसानं खेळ बघावा, डोळ्यांनी प्यावा, ही गोष्ट राजाला खर्च करण्याइतकी महत्त्वाची वाटली. आपल्याला ती रिकामटेकडेपणाची वाटते.

पंगतीत माझ्याकडं एक तयार उत्तर होतं, हेही सांगून टाकतो. अनिकेत जाधव! कोल्हापूरचा, रिक्षावाल्याचा पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढं मोठ्या संघातही. नाव अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. एक तर तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, म्हणजे भावानं तिथल्या तिथं त्याला पुणेकर करून टाकला असता. आणि दुसरं म्हणजे, ते नाव घेतलं की त्याची वही मी मान्य केली. मग उरलेली शेकडो पोरं, जी पंचविशीपर्यंत पेठेकडून खेळतात आणि मग दुकानात, गॅरेजात, बँकेत लागतात, ती सगळी त्या वहीत तोट्याच्या बाजूला जातात. त्यातल्या एकाचा खालच्या गोलपोस्टला वळलेला फ्री किक मी विसरलेलो नाही. तो आता रंगाचं दुकान चालवतो. मी रंग तिथूनच घेतो.

इथपर्यंत माझ्याकडचे लोक टाळ्या वाजवत असतील तर थांबा, आता तुमच्याकडं वळतो.

भावाला मी ज्या पायरीवरून उत्तर देतोय त्या पायरीवर गेल्या हंगामात माझ्या शेजारी दगड पडला. आमच्याच बाजूनं आला का पलीकडून, काय फरक पडतो? दगड येतो, मॅच थांबते, पोलीस आत येतात, पुढच्या मॅचच्या परवानगीचं घोंगडं भिजत पडतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात खेळाची बातमी गुन्ह्यांच्या पानावर. ज्यानं मारला त्याला विचारलं तर म्हणणार, पेठेची इज्जत. पेठेची इज्जत म्हणे! सोळा संघांच्या लीगमध्ये कॉर्नर मिळाला नाही म्हणून कुणाच्या तरी लेकराचं डोकं फोडणं, ही इज्जत? आणि घोषणा! आमच्या वडिलांच्या वेळीही शिव्या होत्या, मी काही सोवळ्यातला नाही. पण त्या एकेकट्या, उत्स्फूर्त, काही तर फार विनोदी. आता आख्खी पायरी ताल धरून समोरच्याच्या आईबहिणीवर येते आणि पोरं मोबाइलवर रेकॉर्ड करून स्टेटस लावतात. मॅचकडं पाठ करून! मी मोजलंय. गोल झाला तेव्हा समोरचे चार जण स्वतःचाच व्हिडिओ काढत होते.

तिरंगावाल्याला खेळ दिसत नाही, त्याला तिरंगा दिसतो. यांनाही खेळ दिसत नाही, यांना झेंड्याचा रंग दिसतो, तेवढाच. मावसभाऊ निदान पुण्यात बसून बोलतो, हे माझ्या मांडीला मांडी लावून बसलेत.

हे सगळं मला एवढं लागायचं कारण घरात आहे. माझी मुलगी आठवीत आहे. टीव्हीवर माझ्याबरोबर रात्री दीडपर्यंत जागून मॅच बघते, ऑफसाइड तिला माझ्यापेक्षा लवकर दिसतो. गेली दोन वर्षं ती म्हणतेय, "पप्पा, मला स्टेडियमवर न्या." आणि मी गेली दोन वर्षं काहीतरी सांगून टाळतोय. ऊन आहे, परीक्षा आहे, गर्दी आहे. माझ्या बापानं मला सातव्या वर्षी जिथं नेऊन बसवलं, तिथं मी माझ्या लेकीला नेत नाही. भावाच्या प्रश्नाला हसून उठलो ते खरं तर याच्यामुळं. तो पुढं विचारेल, "मग पोरीला का नाही नेत?" अशी धास्ती होती. त्यानं विचारलं नाही. त्याला सुचलंच नसेल.

रविवारी चारला मॅच आहे. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही, पण काल दोन तिकिटांचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. उत्तरेकडच्या बाजूला, जरा कडेला, म्हातारी मंडळी बसतात तिथं बसावं असा विचार आहे. तिथून खालची गोलपोस्ट लांब पडते, पण सावली लवकर येते.