गाणे कोणाच्या गळ्यातले?

आषाढ लागला, बांध्यांत चिखलणी झाली की भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीला आरंभ होतो. तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसर हा असाच धानाचा मुलूख. जवळून बावनथडी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. पोटरीभर चिखलात, कमरेत वाकून, पाठीवर पाऊस झेलत स्त्रिया पऱ्हे रोवतात. या कष्टाला गाण्याची सोबत पूर्वापार आहे. एकीने ओळ उचलायची, इतरजणींनी ती झेलायची आणि सर्वांनी मिळून एकेक पाऊल मागे सरायचे. या गाण्यांचा कर्ता कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. मात्र हे गाणे आईचे, हे मोठ्या जावेचे, हे पलीकडच्या गावाहून आलेल्या सुनेचे, असे ज्या गळ्यातून ते प्रथम ऐकले त्याच्या नावाने ते ओळखले जाते.

एखादी चाल कानावर पडावी आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे घर, त्यातील माणसांसह, डोळ्यांसमोर उभे राहावे, हा अनुभव कोणाला नाही? त्याचे श्रेय आपण सहसा चालीला किंवा शब्दांना देतो. ते पूर्णांशाने खरे नाही. अत्यंत श्रेष्ठ संगीतरचना ऐकून माणूस ती विसरतो आणि वडील अंघोळीच्या वेळी गुणगुणत असत ते सामान्य पद त्याला जन्मभर पुरते. गाण्याला स्मृती चिकटते ती त्याच्या गुणवत्तेमुळे क्वचित. ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या प्रहरी म्हटले, यामुळे बहुधा.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे जात्यावरची ओवी. ओवीची घडणच नात्यांची आहे. तिच्यात भाऊ येतो, आई येते, लेकीचे सासर येते, पंढरीचा विठ्ठलही येतो तो सखा किंवा बंधू होऊनच. सांगाडा ठरलेला, पण त्यात नाव घालायला जागा मोकळी. प्रत्येक घरची स्त्री तेथे आपल्या भावाचे, आपल्या तान्ह्याचे नाव गुंफीत असे. पहाटेच्या अंधारात जात्याच्या घरघरीत आपले नाव ऐकत मूल झोपेतून अर्धवट जागे होई. त्या मुलाला पुढे कोणत्या शाळेत ओवी शिकवावी लागली?

पिठाची गिरणी गावोगाव आली आणि स्त्रीच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला. हे उत्तमच झाले; पहाटे उठून पायली-पायली दळण्याचे गोडवे ज्यांनी कधी खुंटा धरला नाही त्यांनीच गावेत. परंतु जाते कोपऱ्यात गेले तेव्हा ओवीची वेळही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. हे काम थोर आहे, त्याला तोड नाही. तथापि संग्रहातील ओवी ऐकणाऱ्याला भाषा कळते, समाज कळतो. आपले नाव मात्र तेथे भेटत नाही.

सिहोऱ्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हा सीमेवरचा भाग. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर एकाच मध्यप्रदेशात असलेल्या भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांपैकी भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बालाघाट पलीकडे राहिला. शासनाची भाषा बदलली, शाळेची पुस्तके बदलली. सोयरिकी मात्र बदलल्या नाहीत. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार समाजाची पोवारी बोली आजही दोन्ही राज्यांत बोलली जाते आणि लग्नघरातील तिची गाणीही दोन्हीकडे आहेत. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असलेल्या स्त्रीला हळदीच्या मांडवात माहेरची चाल ऐकू आली, तर तिच्यापुरती ती सीमा तेवढा वेळ पुसली जाते.

मग दोष यंत्राचा म्हणावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. ग. दि. माडगूळकरांचे आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ यंत्रातूनच घरात आले. 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 56 गीते प्रसारित केली. रेडिओ घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्या ओसरीवर शेजारपाजार जमे. कित्येकांनी त्या लाकडी पेटीला फुले वाहिली. त्या पिढीतील वृद्धांना विचारावे, ते गीताबरोबरच त्या ओसरीची हकीकत सांगतील; कोण शेजारी बसले होते, कोणाचे डोळे भरून आले होते, कोणी मुलांना दटावून गप्प केले होते. यंत्र होते, तरी ऐकणे एकट्याचे नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर भजने म्हणत विदर्भ पिंजून काढला आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली, त्यातही हेच मर्म होते. सूर साधा, गळा कोणाचाही चालेल, परंतु बसायचे सर्वांनी एकत्र.

आजचे चित्र निराळे आहे. एकाच खोलीत चौघे बसलेले असतात आणि चौघांच्या कानांत चार निरनिराळी गाणी चालू असतात. खिशातील मोबाईलमध्ये जगातील सारे संगीत आहे. पुढचे गाणे कोणते, हेही यंत्रच ठरवते. लग्नाच्या मांडवात डीजे आला आणि जिच्या गळ्यात पिढ्यांची हळदीची गाणी होती ती वृद्ध स्त्री कानावर पदर दाबून मागच्या अंगणात जाऊन बसली. (तिला तेथे खुर्ची दिली जाते, चहाही मिळतो; गाण्याचा आग्रह तेवढा कोणी करीत नाही.)

येथे गंभीर काय आहे, ते वैद्यकशास्त्र सांगते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या, परिचित गाण्यांची स्मृती मेंदूच्या ज्या भागांशी निगडित आहे, ते भाग अल्झायमरच्या विकारात तुलनेने उशिरा आणि कमी झिजतात, असे त्यांना आढळले. मुलाचे नाव विसरलेली आई कधी कधी अंगाईची ओळ पुरी करते, याचे रहस्य कदाचित यातच असावे. तारुण्यापर्यंत ऐकलेली गाणी पुढे सर्वांत घट्ट आठवतात, हेही मानसशास्त्राने नोंदवले आहे. म्हणजे आज जे मूल दहा वर्षांचे आहे त्याची सत्तरीतील शिदोरी आत्ताच, आपल्याच घरात बांधली जात आहे. त्या शिदोरीत आईचा आवाज किती, आजीचा किती आणि कानात खोचलेल्या बोंडाचा किती, याचा हिशेब प्रत्येक घराने मांडून पाहायला हवा.

त्यासाठी मंडळ स्थापन करण्याची किंवा महोत्सव भरवण्याची आवश्यकता नाही. व्यासपीठावर चढवलेली ओवी बहुधा अवघडूनच जाते. सिहोऱ्यासारख्या गावात आजही जाते फिरवलेले हात आहेत. सुटीत शहरातून नातवंडे येतात, दुपारी खाटेवर मोबाईल घेऊन लोळतात आणि आजी शेजारी तांदूळ निवडत बसलेली असते. तिला एकदा एवढेच विचारावे, की बाबा लहान असताना दळताना त्यांचे नाव कोणत्या ओवीत घालत होतीस? ती आधी लाजेल, आता आठवत नाही म्हणेल, हातातले सूप खाली ठेवील. मग वडिलांच्या नावाच्या जागी नातवाचे नाव घालून, थोडे बेसूर, पण म्हणेल.